कटानाची शोभेची प्रतिकृती आणि तिच्यासोबत आलेला 'इतिहास'

गेल्या दिवाळीत नातवाच्या हट्टापायी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून कटाना, म्हणजे जपानी तलवारीची शोभेची प्रतिकृती मागवली. किंमत २,८५० रुपये, धुळ्यापर्यंत पोहोचवण्याचा खर्च त्यातच धरलेला. सोबत तलवार ठेवायची लाकडी घोडी, म्यान आणि बारा पानांची एक रंगीत पुस्तिका आली. वस्तू फडताळावर येऊन आता सहा महिने झाले. या काळात मी ती खोलून, मोजून, घासून पाहिली आणि पुस्तिका दोनदा वाचली. नाशिकच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षे हीट ट्रीटमेंट, म्हणजे पोलाद तापवून-निववून कडक किंवा चिवट करण्याच्या खात्यात होतो, त्यामुळे पोलादाविषयी कुणी काही छापले की ते तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगतो : दिवाणखान्यात ठेवायला वस्तू बरी आहे, परंतु 'प्राचीन जपानी तलवारीचा अस्सल वारसा' या नावाखाली जे विकले जात आहे, त्यात वारसा फार थोडा आणि छपाई फार आहे.

पार्सल सांगितलेल्या दिवशी आले. जाड पुठ्ठ्याचे खोके, आत फोमचा साचा, पात्याला तेलकट कागद. बांधणीला नाव ठेवायला जागा नाही. पात्याला धार नाही, पण टोक बऱ्यापैकी अणकुचीदार आहे, हे घरात लहान मुले असणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. कायद्याची गोष्टही इथेच सांगून टाकतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत तलवारींचा स्पष्ट उल्लेख आहे आणि घरकाम, शेती वा कारखान्याखेरीज अन्य कामासाठी बनवलेल्या, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्यांचाही. बिनधारेची शोभेची वस्तू यात येत नाही असे विक्रेत्याने लिहिले असले, तरी मिरवणुकीत नाचवायला किंवा वाढदिवसाचा केक कापायला ती घराबाहेर काढू नये. तलवारीने केक कापून रात्र पोलीस ठाण्यात काढणाऱ्यांच्या बातम्या आपल्याकडे पुरेशा येतात. शंका असेल त्याने पैसे भरण्याआधीच ठाण्यात विचारावे.

आता वस्तूकडे वळू. पाते ६८ सेंटिमीटर भरले. जपानमध्ये पात्याची लांबी दोन शाकु, म्हणजे ६०.६ सेंटिमीटर ओलांडली की ती कटाना. एक ते दोन शाकुंमध्ये वाकिझाशी आणि एका शाकुहून आखूड असेल तर तांतो. त्या हिशेबाने नाव बरोबर आहे. बाकही डोळ्यांना बरा वाटतो. पात्याच्या टोकाशी जी आडवी स्पष्ट कड अस्सल तलवारीत असते, जिथे पॉलिश करणारा कारागीर पात्याची एक पातळी संपवून दुसरी सुरू करतो, ती इथे केवळ ओरखडा काढून दाखवली आहे. पण हे खटकायला आधी अस्सल तलवारीचे चांगले फोटो पाहिलेले असावे लागतात.

घोडीची चूक मात्र कुणाच्याही लक्षात यावी. विक्रेत्याच्या छायाचित्रात आणि पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तलवार धार खाली करून ठेवलेली आहे. कटाना कमरेच्या पट्ट्यात धार वर करून खोवली जाते आणि ठेवतानाही तशीच ठेवतात. धार खाली करून, दोऱ्यांनी कमरेला टांगून जी वागवत, ती तिची आधीची पिढी, ताची. हा भेद नुसता सोवळ्याचा नाही. ताची घोडेस्वाराची तलवार होती. लांब, अधिक बाकदार, वरून खाली वार करायला सोयीची. मुरोमाची काळात, म्हणजे चौदाव्या ते सोळाव्या शतकांत, पायी लढणाऱ्यांची संख्या वाढत गेली, तेव्हा उपसता उपसताच वार करता यावा म्हणून धार वर करून खोवायची आखूड तलवार पुढे आली आणि तीच पुढे कटाना म्हणून स्थिरावली. पात्याच्या ज्या बाजूवर कारागीर सही करतो, ती बाजूही या फरकानुसार बदलते, कारण सही अंगापासून बाहेरच्या बाजूला यावी असा संकेत आहे. मी घोडीवर तलवार उलटी करून ठेवली आणि ती नीट बसली. म्हणजे घोडी बनवणाऱ्याला माहीत होते, छायाचित्र काढणाऱ्याला नव्हते.

पुस्तिका हा या खरेदीचा सर्वांत महागडा भाग असावा, इतका तिचा कागद गुळगुळीत आहे. तिच्या दुसऱ्याच पानावर 'दोन हजार वर्षांपासून सामुराई हीच बाकदार तलवार वापरत आले' असे विधान आहे. दोन हजार वर्षांपूर्वी सामुराईही नव्हते आणि बाकदार तलवारही नव्हती. जपानमधल्या सर्वांत जुन्या लोखंडी तलवारी सरळ आहेत. त्यांतल्या काही एकधारी, काही दुधारी, आणि त्यांचे घाट चीन व कोरियाकडून आलेले. नारा प्रांतातल्या तेन्री येथील इसोनोकामी मंदिरात सात फांद्यांची एक विलक्षण तलवार जपून ठेवलेली आहे. मुख्य पात्याच्या दोन्ही अंगांना तीन-तीन फांद्या. लढायला निरुपयोगी, मानाची भेट म्हणूनच घडवलेली. तिच्यावरच्या सोन्याच्या लेखावरून ती कोरियातल्या बेकजे राज्याकडून आली असे मानले जाते आणि तिचा काळ चौथ्या शतकात धरतात.

याहून बोलकी गोष्ट साइतामा प्रांतातल्या इनारीयामा येथील. तिथे मोठमोठे मातीचे दफनढिगारे आहेत. त्यांपैकी एक १९६८ मध्ये खणला, तेव्हा गंजून काळी झालेली एक सरळ दुधारी तलवार मिळाली. तिच्यात विशेष काही आहे असे त्या वेळी कुणाला वाटले नाही. दहा वर्षांनी, १९७८ मध्ये, गंजापासून जतन करण्याच्या कामात तिचा एक्स-रे काढला आणि गंजाखाली सोन्याच्या तारेने भरलेली ११५ अक्षरे दिसली. आठ पिढ्यांची वंशावळ, एका राजाचे नाव आणि एक वर्ष; ते वर्ष बहुतेक अभ्यासक इसवी सन ४७१ मानतात. जपानचा लिखित इतिहास ज्या थोड्या समकालीन लेखांवर उभा आहे, त्यांतला हा एक, आणि तो दहा वर्षे संग्रहालयात गंजाखाली पडून होता. ज्या गावात राजवाडे संशोधन मंडळ आहे तिथल्या माणसाला हे वाचून काय वाटले असेल, ते सांगायला नको. आमच्या धुळ्यात इतिहासाचार्यांच्या नावाने एवढी एक सवय तरी लागते की, कुणी इतिहास सांगू लागला की आधी 'कागद कुठे आहे?' असे विचारावे. या पुस्तिकेत इनारीयामाचे नावही नाही.

बाक आला तो हेइआन काळाच्या मध्यावर, दहाव्या शतकाच्या आसपास. उत्तर जपानमधले एमिशी लोक घोड्यावरून लढत आणि मुठीशी वाकवलेली आखूड तलवार वापरत. त्यांच्याशी झालेल्या दीर्घ लढायांतून क्योतोच्या योद्ध्यांनी तो बाक उचलला, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. घोड्यावरून जाता जाता सरळ तलवारीने घाव घातला तर पाते अडकते, बाकदार पाते ओढत जाते. हे पाजळलेल्या विळ्याने कडबा कापणाऱ्याला वेगळे समजावून द्यावे लागत नाही. क्योतोचा सान्जो मुनेचिका, होकी प्रांताचा यासुत्सुना ही या पहिल्या बाकदार तलवारींच्या कारागिरांची नावे. मुनेचिकाच्या नावावर असलेली 'मिकाझुकी', म्हणजे चंद्रकोर, आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिला ते नाव पात्याच्या आकारावरून पडलेले नाही. धारेलगतच्या पांढुरक्या रेषेत मध्येमध्ये दिसणाऱ्या कोरींवरून पडले आहे.

त्या रेषेवर थोडे थांबायला हवे, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. जपानी तलवारीच्या धारेला समांतर एक धुकट, लाटांसारखी रेषा असते. तिला हामोन म्हणतात. ती नक्षी नव्हे. लोहार पात्यावर चिकणमाती, कोळशाची पूड आणि धार लावायच्या दगडाची पूड यांचा लेप देतो. पाठीकडे जाड, धारेकडे पातळ. मग भट्टीचा रंग डोळ्यांना नीट कळावा म्हणून कार्यशाळेत अंधार करतो, पाते लाल होईपर्यंत तापवतो आणि एकदम पाण्यात बुडवतो. पातळ लेपाखालची धार क्षणात थंड होते आणि काचेसारखी कडक बनते; जाड मातीखालची पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. जिथे कडक पोलाद संपते आणि चिवट सुरू होते, ती सीमा म्हणजे हामोन. शिवाय कडक झालेल्या पोलादाला जागा अधिक लागते, त्यामुळे धारेची बाजू फुगते आणि पाते पाठीकडे वाकते. तलवारीच्या डौलदार बाकाचा बराचसा भाग असा त्या पाण्यातच मिळतो. आपला लोहारही विळ्याला 'पाणी देतो', आणि चांगल्या तलवारीला आपण 'पाणीदार' म्हणतो; शब्दामागचे काम दोन्हीकडे एकच आहे, जपान्यांनी त्यात मातीची भर घातली इतकेच. सरळ रेषा, लवंगेच्या कळीसारखे गुच्छ, संथ लाटा असे हामोनचे प्रकार घराण्याघराण्यांनी ठरलेले असत, आणि जाणकार माणूस केवळ ती रेषा पाहून प्रांत आणि शतक सांगतो.

माझ्या प्रतिकृतीवरही हामोन आहे. पात्याच्या दोन्ही बाजूंना लाटा अगदी एकसारख्या, साच्यातून काढल्यासारख्या दिसल्या, तेव्हाच संशय आला होता. हजार नंबरचा पॉलिश पेपर घेऊन मुठीलगत दोन मिनिटे घासले आणि अर्ध्या इंचातली रेषा पुसली गेली. खाली नुसते चकचकीत स्टेनलेस. खरा हामोन पोलादाच्या अंगातच असतो. तो घासल्याने जात नाही. उलट पॉलिश करणारे कारागीर एकामागून एक बारीक होत जाणाऱ्या दगडांवर पाते आठवडेच्या आठवडे घासतात, ते तो नीट दिसावा म्हणूनच. इथली रेषा आम्लाने उठवलेली आहे. ही गोष्ट वर्णनात लिहिली असती तर माझी हरकत नव्हती. तिथे 'पारंपरिक मातीच्या लेपाने सिद्ध केलेला खरा हामोन' असे लिहिले आहे.

आमच्या गल्लीपलीकडे एका लोहाराचे दुकान आहे. वखराची पास, विळे, कुऱ्हाडी अशी कामे तो करतो आणि अजून हाताचा भाता ठेवून आहे. त्याला तलवार दाखवली. त्याने ती हातात घेतली, नखाने टिचकी मारली, कानाशी नेली आणि परत देत म्हणाला, "हाई तं नुसतं पत्रं शे, अण्णा. याले पानी देयेल नही." मला कारखान्यात ज्या निष्कर्षाला यायला यंत्र लागले असते, तो त्याने टिचकीत काढला.

मग आम्हां दोघांनाही हुक्की आली. त्याच्याकडच्या दोन झिजलेल्या कानसी घेतल्या, कारण कानशीत कार्बन भरपूर असतो आणि इतर मिसळण फारशी नसते. त्या तापवून, राखेत सावकाश निववून मऊ केल्या आणि घासून सहा सहा इंचांच्या पट्ट्या बनवल्या. लेपासाठी मी आधी शेतातली काळी माती आणली. ती सुकताना अशी तडकली की पट्टीवरून पापुद्रेच गळाले. काळ्या मातीचा हा स्वभाव मे महिन्यात कपाशीच्या वावरातल्या भेगा पाहणाऱ्या माणसाने आधीच ओळखायला हवा होता. दुसऱ्या वेळी वीटभट्टीवरची लाल माती, बाभळीच्या कोळशाची पूड आणि दगडाची भुकटी असा लेप केला, तो टिकला. पहिली पट्टी हौदाच्या गार पाण्यात घातली आणि 'टिच्' असा आवाज आला. धारेपासून आत पाव इंच भेग. जपानी लोहारांचीही काही पाती याच क्षणी जातात, आणि तोवर त्यांची कित्येक दिवसांची मेहनत झालेली असते. दुसरी पट्टी कोमट पाण्यात घातली. ती वाचली. तीन संध्याकाळी पॉलिश पेपरवर घासून, लिंबाचा रस फिरवल्यावर धारेपासून दोन-तीन मिलिमीटरवर एक पांढुरकी, वेडीवाकडी रेषा उमटली. सरळ फरशीवर पट्टी धारेच्या बाजूने उभी केली, तर दोन्ही टोकांखाली पोस्टकार्डाची कड सरकेल इतका बाक तिला आला होता. तो बाक आम्ही घडवलेला नव्हता.

पुस्तिकेतले दुसरे ठोकून दिलेले विधान म्हणजे 'हे पोलाद हजार वेळा घडी घालून ठोकलेले आहे.' ही अफवा या पुस्तिकेची नाही, जगभर फिरते. पण ती छापण्याआधी कुणीतरी कागदपेन्सिल घ्यायला हवी होती. तापलेला ठोकळा घणाखाली लांबवायचा, मध्ये खाच पाडून दुमडायचा, पुन्हा एकजीव करायचा, असे जपानी लोहार साधारण दहा ते पंधरा वेळा करतात. प्रत्येक घडीला थर दुप्पट होतात. दहा घड्यांना १,०२४ थर, पंधरा घड्यांना ३२,७६८. 'हजार'चा घोळ बहुधा इथेच झाला असावा, थरांचा आकडा घड्यांना चिकटला. सात मिलिमीटर जाडीच्या पात्यात पंचविसाव्या घडीलाच एकेक थर लोखंडाच्या अणूएवढा पातळ होईल. हजार घड्यांच्या थरांची संख्या लिहायची तर ३०२ अंक लागतील. शिवाय प्रत्येक घडीच्या वेळी थोडे लोखंड पापुद्रे होऊन गळते आणि कार्बन जळून कमी होतो, त्यामुळे फार घड्या घातल्या तर हातात धार न धरणारे मऊ लोखंड उरेल. घडी घालण्याचा हेतू मळी बाहेर काढणे आणि कार्बन सर्वत्र सारखा करणे हा आहे. आधुनिक कारखान्यातले पोलाद आधीच एकसारखे असते. त्याला घडी घालण्याची गरजच नाही.

जपान्यांना ही यातायात करावी लागे, कारण त्यांचे पोलादच तसे होते. नदीतली काळी लोहवाळू आणि लाकडी कोळसा यांचे थर मातीच्या आयताकृती भट्टीत, तातारात, आळीपाळीने टाकत तीन दिवस आणि तीन रात्री भाता चालू ठेवायचा. शेवटी भट्टी फोडली की आत सुमारे अडीच टनांचा एक ओबडधोबड गोळा मिळतो. तो फोडून त्यातले निवडक तुकडे म्हणजे तामाहागाने. शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमो भागात १९७७ मध्ये ही भट्टी पुन्हा चालू करण्यात आली, आणि परवानाधारक लोहारांना तिथूनच हे पोलाद मिळते. माझ्या प्रतिकृतीच्या पात्यावर मुठीलगत 'तामाहागाने' असा शिक्का जपानी लिपीत मारलेला आहे, असे नातवाने मोबाइलवरून वाचून सांगितले. मी शेपटीचे टोक ग्राइंडरला टेकवले. आखूड, तांबूस, तुरळक ठिणग्या आल्या. भरपूर कार्बनच्या पोलादाची ठिणगी फुलबाजीसारखी फुटते.

त्या शेपटीविषयी. पात्याचा जो भाग मुठीच्या आत जातो त्याला जपानीत नाकागो म्हणतात, आणि तलवारीचा कागद म्हणाल तर तोच. पाते घासून चकचकीत ठेवतात. नाकागोला मात्र कुणी हात लावत नाही. त्याच्यावरच्या गंजाचा रंग आणि पोत पाहून वय ठरवतात, त्यामुळे कुणी हौसेने तो घासून साफ केला तर तलवारीची किंमत तिथेच कोसळते. कारागिराची सही, गाव, क्वचित तारीख सारे तिथेच कोरलेले असते. अनेक जुन्या ताची पुढच्या काळात कटानासारख्या वापरण्यासाठी शेपटीकडून कापून आखूड केल्या गेल्या, आणि त्यात सह्याच गेल्या. अशा बेनाम पात्यांचा कर्ता ठरवण्याचे काम होन्आमी घराण्याकडे असे. ते जो घडी घातलेला दाखला देत, त्याला 'ओरिगामी' हाच शब्द होता. पोरे ज्याचे पक्षी करतात तीच ओरिगामी.

माझ्या वस्तूची मूठ सोडवायला बांबूची खुंटी शोधली. अस्सल तलवारीत मूठ आणि पाते एकत्र धरून ठेवणारी ती एकच खुंटी असते. हलक्या हाताने ठोकली की सगळी तलवार सुटी होते. इथे गुंडाळीच्या फितीखाली दोन बारीक स्क्रू निघाले. आत पात्याला जोडलेली, बोटाहून बारीक, वेल्डिंग केलेली सळई आणि तिच्या टोकाला नट. हा दोष सौंदर्याचा नाही, धोक्याचा आहे. हौसेने कुणी ही तलवार जोरात फिरवली तर जोड तुटून पाते समोरच्याच्या अंगावर जाऊ शकते. खोक्यावर याविषयी एक ओळही नाही, आणि या एका कारणासाठी मी दोन तारे कापले आहेत.

बाकी भाग पटकन सांगतो. मुठीवरची काळी फीत आलटूनपालटून नीट ओढलेली आहे. फितीखाली माशाच्या खरखरीत कातड्याऐवजी प्लास्टिक, जे या किमतीत चालेल. परज, जिला त्सुबा म्हणतात, ती जस्ताच्या ओतकामाची, पण नक्षी सुबक. म्यानाला एप्रिल लागताच जोडावर केसाएवढी फट पडली. धुळ्याच्या उन्हाला जपानी म्यानाचे मॅग्नोलियाचे लाकूड किती टिकले असते कोण जाणे, हे तर कुठले तरी हलके लाकूड आहे. पाते स्टेनलेस असल्याने पावसाळ्यात गंजण्याची भीती नाही, फडक्याने पुसले की पुरे. अस्सल पात्याला लवंगेच्या तेलाचा पातळ हात देत राहावा लागतो.

पुस्तिकेची शेवटची चार पाने सामुराईंच्या शौर्याला दिली आहेत आणि सोळाव्या शतकानंतरचा इतिहास गायब आहे. खरे तर तलवार कुणाकडे असावी आणि कुणाकडे नसावी, हा तिथला चारशे वर्षांचा प्रश्न आहे. बिझेन प्रांतातल्या ओसाफुने गावाने यादवीच्या काळात गठ्ठ्यांनी तलवारी पुरवल्या. सैनिकांसाठी घाईत काढलेला माल आणि सरदारांसाठी सहीचा माल असे दोन दर्जे एकाच गावात बनत, आणि चीनच्या मिंग दरबाराकडेही हजारोंनी तलवारी निर्यात होत. त्या शतकाच्या अखेरीस योशीई नदीच्या पुरांनी ओसाफुनेच्या भट्ट्या वाहून नेल्या. १५८८ मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने शेतकऱ्यांकडच्या तलवारी गोळा करण्याचा हुकूम काढला. हे लोखंड क्योतोतल्या महाबुद्धाच्या मंदिराचे खिळे बनवायला लागेल, असे पुण्यही त्याने पदरात घातले. १८७६ मध्ये मेइजी सरकारने सामुराईंच्याही कमरेची तलवार उतरवली आणि असंख्य लोहार कात्र्या-सुऱ्यांकडे वळले. १९४५ च्या पराभवानंतर अमेरिकी फौजांनी तलवारी जप्त केल्या. कितीतरी वितळवल्या गेल्या, कितीतरी सैनिकांनी आठवण म्हणून नेल्या. मासामुने या नामांकित जुन्या लोहाराची म्हणून मानली जाणारी, पूर्वी सत्तेवर असलेल्या तोकुगावा घराण्यात पिढ्यान्पिढ्या राहिलेली 'होन्जो' तलवार तेव्हा पोलिसांच्या स्वाधीन झाली, ती आजवर सापडलेली नाही. तलवार ही कलावस्तू आहे हे पटवून देऊन उरलेल्या वाचवणाऱ्यांनी १९४८ मध्ये तलवारींच्या जतनासाठी संस्था स्थापन केली. आज जपानमध्ये नवी तलवार फक्त परवानाधारक लोहार बनवू शकतो. त्यासाठी किमान पाच वर्षे गुरूकडे उमेदवारी करावी लागते, आणि महिन्याला दोनच लांब तलवारी करण्याची मुभा असते. २०२० मध्ये, ओसाफुने आता जिच्या हद्दीत येते त्या सेतोउची नगरपालिकेने 'सान्चोमो' ही बिझेनची जुनी तलवार गावात परत आणण्यासाठी ५० कोटी येन लोकांकडून उभे केले. हे ठाऊक असले की २,८५० रुपयांत 'अस्सल जपानी परंपरेची' तलवार मिळेल का, हा प्रश्न उरत नाही.

तेव्हा, मुलाच्या खोलीत आकार म्हणून ठेवायची असेल, फिरवायची नसेल, आणि म्यानाची फट चालणार असेल, तर घ्या. पंधराशेपर्यंत मिळाली तर अधिक बरे. इतिहास म्हणून भेट द्यायची असेल तर ती देऊ नका. पाचपैकी मी दोन तारे दिले, एक बांधणीचा आणि एक मुठीच्या फितीचा. आमच्या फडताळावर आता घोडीच्या वरच्या खाचेत प्रतिकृती आहे आणि खालच्या खाचेत कानशीची ती सहा इंची पट्टी. नातू मित्रांना आधी खालची दाखवतो, पण ते बघतात वरचीच.

विक्रेत्याला मी सविस्तर पत्र लिहिले : हामोन आम्लाचा आहे, शिक्का खोटा आहे, वेल्डिंग धोक्याचे आहे, हजार घड्या अशक्य आहेत. चार दिवसांनी 'आपला अभिप्राय मोलाचा आहे' एवढे उत्तर आले. महिन्याभराने मी सहज पान उघडून पाहिले. वर्णनात दुरुस्ती केलेली होती. 'हजार वेळा घडी घातलेले' याच्या जागी आता 'शेकडो वेळा घडी घातलेले' असे लिहिले आहे.